आत मी होते

बाहेरून कडी पडली आणि मी गोठ्यात शेणाची पाटी धरून तशीच उभी राहिले. कडी घालणारा माझाच नवरा. जन्मभर दुधाचा धंदा केला, दूध काढून झालं की गोठ्याला कडी, ते हात विसरले नायत, बायको आत हाय ते तेवढं विसरले. मी ओरडले, अवो, दार उघडा. तर म्हणतात, कोण गं तू? म्हटलं, तुमची बायको. तर म्हणाले, माझी बायको कळंबला माहेरी गेलीय, तू चोर हायस, बस आत. आणि घरात गॅसवर मी दूध ठेवलेलं, त्याचा करपल्याचा वास यायला लागला. काय सांगू तुम्हाला, शेजारची सगळी लग्नाला गेलेली, ओरडून गळा बसला, आणि जेवढं मी बायको बायको म्हणावं तेवढी ते दारावर काठी आपटायचे.

कर्जतला अशी माणसं घरात सांभाळणाऱ्यांची बैठक भरते. लेकीनं एकदा बळंच नेलं होतं. तिथली ताई म्हणाली, आजी, स्वतःसाठी वेळ काढा. म्हटलं, काढते की, तू येतेस ह्यांना धुवायला? सगळी हसली. मला तर वाटलं नुसती रडायला जमलीत, चहा तेवढा बरा. पण कुंभिवलीचा एक बाप्या, म्हाताऱ्या आईचं करणारा, तो म्हणाला होता, मावशी, खरं काय ते पटवत बसू नका, ते ज्या वर्षात असतील तिथं जाऊन बोला.

ते आठवलं. बायको म्हणायचं सोडलं. ओरडले, मालक, म्हैस अडलीय, पारडाचे मागचे पाय आधी आलेत.

कडी खटकन निघाली. बाह्या वर सारत आत आले. मी बगलेतून पळाले ती घरात, गॅस बंद केला, पातेल्याचा कोळसा झालेला, घर वाचलं. परत येऊन बघते तर हे म्हशीच्या पोटावरून हात फिरवतायत. मला म्हणाले, बाई, हिला अजून दिवस हायत, एवढं पण कळत नाय तुला?

कडी मी दुसऱ्या दिवशी उपटून टाकली. म्हणून सुटले असं नाय. लेक म्हणते पनवेलला या, पण गोठ्यावाचून हे दोन दिवस राहायचे नायत, आणि ह्यांच्यावाचून मी कुठं जाणार. आता महिन्याच्या महिन्याला त्या बैठकीला जाते, ह्यांना घेऊनच, ते खुर्चीत झोपतात. तिथं हे सांगितलं की लोक ह्यांच्याकडं बघून हळहळतात. बघू देत. ह्यांना त्यातलं काय ठाऊक नाय. आत मी होते.