रकाना सतराबाबत मामाचे म्हणणे

जबाब देणार: उमेदवार मुलीचा सख्खा मामा. वय ५८ वर्षे. धंदा: कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणे. राहणार: छापखान्याच्या वर, दुसरा मजला.

पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून आज सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहून सांगतो की, माझी बहीण वारल्यापासून भाची माझ्याकडे आहे. तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता तिला चोवीस पूर्ण आहेत. मी लग्न केले नाही. घरात आम्ही दोघेच.

तिने पोलीस शिपाई पदासाठी अर्ज केला. धावणे आणि लेखी, दोन्हींत ती पास आहे. चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली आहे. अर्ज तिने स्वतः भरला. रकाना मोकळा सोडायचा नाही, सांगण्यासारखे काही नसेल तर निरंक लिहायचे, हे मीच तिला शिकवले. शेवटच्या पानावर, वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे, असा दाखला ओळखीच्या इसमाने द्यायचा असतो. तिथे मी सही केली. वाचले नाही. दिवसाला तीस अर्ज वाचणारा माणूस मी, पण घरचाच अर्ज म्हणून वाचला नाही. चूक माझी आहे.

पडताळणी करणाऱ्या हवालदारांनी मला रकाना सतरा दाखवला. 'उमेदवारास स्वतःबाबत आणखी काही कळवावयाचे आहे काय?' तिथे सगळे निरंक लिहितात. भाचीने लिहिले आहे: 'मी समलिंगी आहे. माझे एका मुलीवर प्रेम आहे. खात्यात येताना हे लपवून येण्याची माझी इच्छा नाही.' अक्षर तिचेच आहे. शाईसुद्धा माझ्या पेनाची.

मुलगी कोण, हे मला विचारले नाही. मला ते आपोआप समजले. तिची एक मैत्रीण दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते. भाचीसाठी आलेल्या स्थळांचे फोटो मी त्या मैत्रिणीपुढे ठेवत असे. याचे कान मोठे, याची आई कजाग दिसते, असे म्हणत तिने अकरा स्थळे नापास केली. मी म्हणायचो, मैत्रीण असावी तर अशी. त्यावर हसावे की रडावे, ते मला अजून कळलेले नाही.

हवालदार म्हणाले, "मामा, मलाही काही सुधरत नाहीये. नियमात हिला अडवणारं काही नाही. पण अर्जात आलं की पडताळायचं, ही आमची पद्धत. शेजारीपाजारी विचारत फिरलो तर बोभाटा होईल, म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्हाला हे आधीच माहीत होतं, असं लिहू? एका ओळीत विषय संपतो."

माहीत नव्हते म्हटले तर काय, असे मी विचारले.

"मग तुमचा दाखला खोटा ठरतो. अर्ज वर गेल्यावर साहेब काय करतील, देव जाणे."

भाची बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्याकडे गेलो. म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "मामा, दहा वेळा तोंडाशी आलं होतं. दर वेळी तुम्ही नव्या स्थळाचा फोटो पुढे करायचात." ती म्हणाली, "आत जे खरं आहे तेच सांगा. नोकरी गेली तर गेली." मला राग आला होता, पण नक्की कोणाचा ते सांगता येत नाही.

तरी सांगतो की, मला माहीत नव्हते. मुलीने खरे लिहायचे आणि मामाने तिच्यासाठी खोटे बोलायचे, हे मला जमले नाही. यात तिचे नुकसान झाले तर मी स्वतःला माफ करणार नाही, हेही लिहावे. समलिंगी हा शब्द मला माहीत आहे. तो आपल्या घरात आल्यावर काय करायचे असते, ते माहीत नाही. तिची वागणूक चोख आहे.

जुना दाखला रद्द समजावा. रकाना सतरा वाचून मी आज नवा दाखला दिला आहे. तो नियमात बसतो की नाही, हे हवालदारांना सांगता आले नाही. त्यात 'उमेदवारास किती वर्षांपासून ओळखता' इथे मी बराच वेळ अडलो. हवालदार म्हणाले, "एकवीस टाका की." मी एकवीस लिहिले. ते बरोबर आहे की नाही, मला कळत नाही.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. वाचताना दार उघडे ठेवावे, अशी विनंती मीच केली होती. भाची बाहेर बाकावर होती.