सकाळी सातची मेणबत्ती

त्रोयान गावातल्या बेकरीत रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एक वाचनालयात बसून गावाची वेबसाइट सांभाळणारी इस्क्रा, दुसरी तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेली त्सोना मावशी.

“दारावर चिकटवलेले निधनाचे कागद पावसाने गळून पडतात, मावशी. वेबसाइटवरचे कोण काढणार? म्हणून एआयला सांगितलं, वर्षापेक्षा जुने सगळे काढून टाक.”

“माझ्या दोब्रीचाही?”

“चारशे काढले त्याने. दोब्रीकाकांच्या पानापाशी मात्र थांबला आणि मलाच विचारलं.”

“यंत्राने?”

“हो ना, अंगावर काटा आला माझ्या! म्हणे, या पानावर रोज सकाळी सातला कुणीतरी बटण दाबून मेणबत्ती लावतं, तरी काढू का? मला वाटलं, तुम्हीच.”

“मी? मला आलेला फोन उचलता येतो, तेवढंच. मी थडग्यावर लावते, खरीखुरी.”

“मग कोण? नाव तर लिहीत नाही. फेब्रुवारीत तेवढा नऊ दिवस खंड पडला, हेही त्यानेच शोधून काढलंय.”

“नऊ दिवस?”

“हो. का हो?”

“फेब्रुवारीत मेतोदी नऊ दिवस इस्पितळात होता.”

“तुमचे दीर? अहो, ते तर कुंपणावरून भांडले, काकांच्या मातीलासुद्धा आले नाहीत!”

“नाही आला.”

“मग त्या पानाचं काय करू?”

“हात लावू नकोस. त्या तुझ्या यंत्रालाही सांग.”

“या आजी, पुढे या,” काउंटरवरची मुलगी त्सोना मावशीला म्हणाली. “नेहमीसारखी एकच बनित्सा ना, चीज भरलेली?”

“दोन दे. आणि गरम दे हं, एक कुंपणापलीकडे न्यायचीय.”