काळे कण

एचिझेन गावातल्या दवाखान्यात तोकुजी सुरीने कापलेला अंगठा धरून बसला होता. सरकत्या दारांच्या लाकडी चौकटी कागदाने मढवणं हा त्याचा धंदा. शेजारच्या बाकावर कागदाच्या कारखान्यातल्या दोन म्हाताऱ्या होत्या, इसोयो आणि नोबुए.

"नोबुए, पेपरातला मालकांचा फोटो पाहिलास? हातात ताव, खाली लिहिलंय, 'एक डाग शोधून दाखवा!'"

"छान आलाय की."

"डोंबलाचं छान! बर्फासारख्या पाण्यात हात घालून कागदाच्या लगद्यातले सालीचे काळे कण वेचतं कोण? त्यांनी कधी बोट तरी बुडवलंय?"

"हळू बोल गं."

"का म्हणून? या गावाला कागद करायला शिकवलं देवीने. तिची पालखी मिरवायला हे पुढे, आणि तिचं काम करणाऱ्या बायकांचं साधं नाव नाही कुठे."

"मग सांगायचंस त्यांना."

"सांगितलं ना! म्हणाले, 'इसोयोबाई, तुमचं काम दिसत नाही, हेच तुमचं कौशल्य.'"

"मग गं?"

"मग देवळाच्या दारांसाठी कागद करायला घेतला, त्यात मी मुद्दाम काळे कण सोडले. म्हटलं, आता दिसू दे!"

"अगं बाई! कुणाला कळलं तर?"

"कळू दे. दारं बसवली की उजेडात सगळा गाव बघेल."

तोकुजीने मान खाली घातली. देवळाच्या तावांतला एकेक काळा कण त्यानेच आज सकाळी सुरीच्या टोकाने खरवडून काढला होता.

इसोयो त्याच्याकडे वळली. "बरंच लागलंय की हो! काय कापत होता?"