विमानाच्या पत्र्याची पट्टी

कारंज्याच्या सदोबा लोहारानं एकदाच हार मानली होती, तीही माझ्यापुढे.

माझी पोर पायानं अधू. आधाराची लोखंडी पट्टी तिला जड व्हायची. म्हणून मी लढाईनंतर भंगारात आलेल्या विमानाचा हलका पत्रा आणला. सदोबानं पट्टी कापून तापवली आणि लोखंडासारखी पाण्यात बुडवली. काढली तर हातानंच वाकली.

"मास्तर, पाण्यानं कडक व्हायले पायजे, हे तं नरम पडलं. पायाचा आकार देऊन ठेवतो, पण पोरीले नाई पेलणार."

चार दिवसांनी सदोबाच पट्टी घेऊन घरी आला. "मले सांगा, पट्टी कोनं बदलली? आता वाकूनच नाई राह्यली."

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर बसले होते. ते म्हणाले, "या ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं असतं. बुडवल्यावर ते विखुरलेलं राहतं. मग दिवसागणिक त्याचे बारीक कण जमतात आणि धातूला वाकू देत नाहीत."

सदोबा खट्टू झाला. "म्हंजे मी हात लावणं सोडलं, तवा ते पक्कं झालं."

पोरीनं पट्टी बांधली आणि दाराकडे निघाली. मी धरायला धावलो, तर सदोबानं माझं मनगट पकडलं.

"मास्तर, आता तुमीबी हात नोका लावू."