न वाचलेल्या कागदावरची सही

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. ऐका. आज आवाज बसलाय आणि मनही बसलंय, तेव्हा ओरडून सांगणार नाही. एकच प्रश्न विचारतो — न वाचता केलेल्या सहीचं पाप कुणाच्या माथी? ज्यानं कागद लिहिला त्याच्या, की ज्यानं खाली नाव घातलं त्याच्या? तुम्ही म्हणाल, बुवा, देवादिकांचं आख्यान लावा. तीस वर्षं तेच लावतोय हो. आज माझंच लावतो.

आपल्या गावच्या वरच्या अंगाला, माळावर, सर्जेरावांची फाउंड्री आहे. तुमच्यातले निम्मे तिथंच कामाला. पंपाची लोखंडी कवचं तिथं ओततात आणि ती जातात जर्मनीला. आता तिकडं एक कायदा आलाय. तो तिथल्या मोठ्या कंपन्यांना म्हणतो — माल घेता ना, मग तो घडवणाऱ्यांचे हाल काय आहेत तेही बघा. आमचं कुंपण इथं संपलं, पुढचं आम्हाला ठाऊक नाही, हे चालायचं नाही! मला ऐकून बरं वाटलं. इतक्या लांबून कुणीतरी आपल्या नाकातल्या धुळीची चौकशी करतंय. इथं शेजारचा करत नाही.

पण चौकशी येते कशी? कागदानं येते. जर्मनीहून सर्जेरावांना चाळीस पानी प्रश्न आले. त्यातला एक — कामगारांना धुळीपासून जपायचं शिकवलं का, मास्क दिले का, पुरावा जोडा. सर्जेरावांनी डोकं खाजवलं आणि बोलावलं कुणाला? — मला!

म्हणाले, बुवा, आमचं कोण ऐकतंय, तुमचं ऐकतील. झालं! मी फुगलो. स्तुतीला भुलू नका असं तुम्हाला सांगतो ना मी दर एकादशीला? तोच मी. फेटा बांधला, गेलो. अंगणात तुम्ही सगळे बसला होता, प्रत्येकाच्या तोंडावर कोरा मास्क. मी सांगितलं, देह हे देऊळ आणि नाक हा त्याचा दरवाजा. तुम्ही हसलात. मास्कच्या आत हसलात, पण डोळ्यांवरून कळलं. वीस मिनिटं बोललो. फोटो काढला, हार घातला, चहा झाला. मग मॅनेजरनं इंग्रजी कागद पुढं केला आणि मी सही केली. वळणदार केली, खाली दोन रेघा मारून.

निघताना बघतो तर काय — पोरं ओळीनं उभी राहून मास्क परत खोक्यात टाकतायत. मी विचारलं, हे काय? मॅनेजर म्हणाला, पुढच्या तपासणीला लागतील. मंडळी, मी हसलो त्यावर. विनोद वाटला मला.

आता रंगराव चौगुल्यांकडं वळू. सगळे ओळखता. एकोणीस वर्षं एकच काम — ओतलेलं कवच थंड झालं की त्याला चिकटलेली साच्याची वाळू आणि कडा ग्राइंडरनं घासून काढायच्या. धूळ उडते ती पिठासारखी बारीक. दोन वर्षांपासून रंगरावांना जिना चढवत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, वाळू छातीत बसलीय. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण धुळीतून काढलं आणि औषधपाणी केलं तर उरलेलं वाचेल.

उरलेलं वाचेल! एवढंच मागणं घेऊन तो माणूस ऑफिसात गेला. मला गेटवर बसवा आणि दवाखान्याचं बघा. मॅनेजरनं फाइल उघडली. चार तासांचं प्रशिक्षण दिलं, असं लिहिलेलं. प्रत्येकाला मास्क दिला, असं लिहिलेलं. तू लावला नाहीस, रंगराव, तर कंपनी काय करणार? आणि खाली सही, दोन रेघांसकट.

कळलं का काय झालं? प्रश्न जर्मनीहून निघाला. तिकडच्या साहेबानं सर्जेरावांवर टाकला, सर्जेरावांनी माझ्यावर, आणि माझ्या सहीनं तो जाऊन बसला थेट खोकणाऱ्या माणसाच्या छातीवर. विचारायचं होतं त्याची काळजी कुणी घेतली. उत्तर निघालं, त्याचीच चूक.

रंगराव माझ्याकडं आले. मला वाटलं, भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. दारात टेकले, दम खाल्ला आणि म्हणाले, "बुवा, तुमी चार तास बोलला असं लिवलंय. मला आपली ईस मिन्टंच आठवत्यात. माजंच चुकत आसंल."

माजंच चुकत आसंल! माझ्यावरच्या विश्वासापायी तो माणूस स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवायला निघाला होता. मला फार लाज वाटली, मंडळी.

त्या कायद्यात तक्रारीची वाट ठेवलेली आहे. कुणीही करावी. पत्ता फाउंड्रीच्या भिंतीवर लावलाय — कपाटाच्या मागं! मी मराठीतच पत्र लिहिलं, मी सही केलेला कागद खोटा आहे म्हणून. जर्मन कंपनीच्या पुण्यातल्या माणसामार्फत उत्तर आलं. एवढ्यावरून माल घेणं थांबवणार नाही, आधी दुरुस्ती करून घेऊ, असं त्यात आहे. पाळतील का? मला माहीत नाही. खोटं सांगून झालंय एकदा, पुन्हा सांगत नाही. पण एका बुवाचा शब्द पुरत नाही. त्या दिवशी अंगणात हजर असलेल्या दोघांचा जबाब त्यांना पाहिजे.

सर्जेराव, तुम्ही पुढच्याच रांगेत बसलाय. हा मंडपही तुमचाच. परवा तुम्ही घरी आलात आणि मला म्हणालात, "बुवा, जर्मनीचं एक ऑफिस चाळीस पानं प्रश्न धाडतं आणि दुसरं ऑफिस त्याच दिवशी भाव पाडून मागतं. मी काय करू?" खरं आहे तुमचं. तुम्हीही दमलाय. पण तुम्ही दमलात तर खुर्चीत बसता. रंगराव दमतात ते पलंगावरून मोरीपर्यंत जाताना.

तर मंडळी, जबाबाचा कागद इथं वीणेशेजारी ठेवलाय. मराठीत आहे. वाचा आणि मग सही करा. ऑर्डर जाईल ही भीती खोटी नाही, मी ती काढून घेऊ शकत नाही. फोटोत साठ जण आहेत. मला दोन पाहिजेत.

कोण उठलं? ... आक्काताई, तुम्ही बसा. रंगरावांची मंडळी तुम्ही, तुम्ही त्या दिवशी तिथं नव्हता, तुमची सही चालायची नाही.

जे होते ते खाली बघतायत.

बघा. सावकाश बघा. मी उभाच आहे. आरती थोडी उशिरा झाली तर पांडुरंग रागावणार नाही.