बंद न करता

तुमच्या साहेबांचं काय घेऊन बसलात, आमच्या काकांचं ऐका. इलाइट चौराह्यावरच्या त्यांच्या ऑफिसात येईल त्याला ऐकवायचे, "आमचा सर्व्हर बसवल्यापासून एकदाही बंद केलेला नाही!"

मी त्यावर लिनक्सचं नवं कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, टाकलं. म्हटलं, "काका, आता एकदा रीस्टार्ट करू द्या. तोवर जुनंच चालणार, आणि त्यातून कुणीही आत घुसेल."

"बंद नहीं होगा! बंद न करता कर."

वर उकडतंय म्हणून काकांनी स्वतःचा कूलर सर्व्हरच्याच इन्व्हर्टरवर लावला. दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली, पाठोपाठ सर्व्हरनंही. लाइट आली तसा सर्व्हर आपोआप उठला, तोही नव्या कर्नेलवर.

काका कूलरसमोरून म्हणाले, "बघ, झालं ना बंद न करता? तुम लोगों को बस बटन दाबायची घाई!"