डावीकडून, पुढून, खालून

...आणि वर मिस्त्री मलाच विचारतो, "साहेब, आवाज नेमका कुठून येतोय?" अहो, ते मला कळलं असतं तर मी गाडी घेऊन तुझ्या गॅरेजच्या दारात कशाला उभा राहिलो असतो?

तुम्हाला सांगतो, मी डोंगरावरच्या पाणीपुरवठा पंपावर इंजिनिअर, राहायलाही तिथेच. दवाखाना, बाजार, गॅरेज सगळं खाली. म्हणून गाडी घेतली ती फोर-व्हील ड्राइव्ह, एकदम दणकट! दगडधोंडे, चिखल, ओढे... कधी हूं की चूं नाही. आणि एक दिवस पुढून आवाज आला. खट्! बस्स, एवढाच. पुढे अशी निरागस चालते की वाटावं, मलाच भास झाला.

मिस्त्री म्हणाला, "काही नाही साहेब, लिंक गेलीय." बदलली लिंक. आवाज आहे तिथेच! "मग बुश असणार!" बदलले बुश. आवाज आहे तिथेच! "आता शॉकॲब्सॉर्बरच, लिहून देतो!" नवे कोरे शॉकॲब्सॉर्बर... गाडी काय छान झुलायला लागली हो, पाळणाच जणू! आणि पहिल्याच वळणावर, झुलत झुलत... खट्!

बरं, गंमत बघा, मिस्त्री शेजारी बसला की गाडी गप्प! तो उतरून रस्ता ओलांडतो न ओलांडतो तोच खट्! खाली बाजारात एक ओळखीचे म्हणाले, "अहो, मागे जॅक सैल असेल, माझा असाच वाजायचा." मी मागचं सगळं बाहेर काढलं. जॅक, दोर, पाण्याचा कॅन, आणि हरवली म्हणून बायकोशी भांडलो होतो ती छत्री. छत्री मिळाली. आवाज आहे तिथेच!

शेवटी मी मार्ग काढला. रेडिओ मोठा केला.

त्यात बायकोचे दिवस भरत आलेले. तिच्या सोबतीला सासूबाई आल्या. निवृत्त हेड नर्स. आयुष्यभर अख्खा वॉर्ड नुसत्या नजरेवर चालवलेला, तिथे जावई म्हणजे काय, एक खाट! मी त्यांना स्टेशनवरून आणायला गेलो. बसल्या बसल्या पहिलं काय केलं? रेडिओ बंद. झालं! वळण, खड्डा, खट्!

"हे काय वाजलं?"

"काही नाही आई, जुनाच आवाज आहे."

"जुना आहे म्हणून बरा आहे का?"

घरी पोचल्यावर त्यांनी दारातच जाहीर केलं, "माझी मुलगी या गाडीतून बाळंतपणाला जाणार नाही." मी म्हटलं, "अहो आई, वर दुसरी गाडीच नाही!" त्या म्हणाल्या, "मग हीच दुरुस्त करा." बायको सोफ्यावरून म्हणते, "अरे, मी किती दिवस सांगतेय!" आता तुम्हीच सांगा, कधी सांगितलं होतं हिने?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गॅरेजला निघालो. निघालो म्हणजे... पोचतोय कधी! "थांबा. मागे घ्या. त्याच खड्ड्यातून पुन्हा जा. आता ब्रेक न दाबता. आता दाबून. आता डावीकडे वळून." मागे टेम्पोवाला हॉर्न मारून मारून दमला, शेवटी उतरून आला आणि काचेतून अदबीने विचारतो, "काका, गाडी शिकताय का?"

गॅरेजमध्ये मिस्त्रीने सवयीने विचारलं, "आवाज कुठून येतोय?" मी तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई, "डावीकडून, पुढून, खालून. नुसत्या खड्ड्यात नाही. उजवीकडे वळताना ब्रेक दाबला आणि खड्डा आला, तरच. माझ्या पायाला कळतो."

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "आजी, मी तर हे चाक उचलून हलवून पाहिलंय, घट्ट आहे." मग स्वतःच थबकला. "पण उचललं होतं चेसीखालून, गाडीच्या सांगाड्याखालून..." म्हणजे कसं, चाक लोंबकळत होतं, स्प्रिंगच्या जोराने सांधा ताणून बसलेला, सैल असला तरी हलणार कसा? त्याने जॅक काढला, चाकाजवळ, चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याखाली, म्हणजे आर्मखाली लावला, पुन्हा उचललं, टायरखाली पहार घातली आणि हळूच वर दाबली.

खट्!

तोच तो! मी आनंदाने टाळी वाजवली हो, हरवलेला नातेवाईक सापडावा तशी! पण मिस्त्री हसला नाही. "साहेब, खालचा बॉल जॉइंट आहे, चाक ज्यावर वळतं तो सांधा. पार संपलाय. उतारावर निसटला असता तर चाक आडवं झालं असतं."

आमचा उतार तुम्ही पाहिलेला नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

मला वाटलं, आता सासूबाई सुरू होणार, 'मी म्हटलं नव्हतं?' पण त्यांनी नुसतं पाणी मागितलं. आणि अख्खा वॉर्ड हलवणाऱ्या त्या बाईंनी तो एवढासा ग्लास दोन्ही हातांनी धरला. मी गुपचूप शेजारच्या टायरवर जाऊन बसलो.

मिस्त्रीने दोन्ही बाजूंचे जॉइंट बदलले, अलाइनमेंट केलं, स्वतः वरपर्यंत गाडी चालवून पाहिली. "चुकलो साहेब," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, सापडलं ना!" आवाज कुठेच नाही! आणि त्याच आठवड्यात भर दुपारी बायको किंचाळली, "अरे, निघ!" काय सांगू, सगळी वळणं, सगळे खड्डे, गाडीत आवाज फक्त बायकोचा... आणि तो मला इतका गोड कधी वाटला नव्हता!

मुलगी झाली. दोघी सुखरूप. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सासूबाईंचे हात हातात घेतले. 'आभारी आहे' म्हणायला गेलो. आणि त्या भरात जे तोंडाला आलं ते बोलून गेलो, "आई, आता तुम्ही कायमच्या आमच्याकडेच राहा!"

माणूस म्हणतो हो असं. समोरचा म्हणतो, 'छे छे, तिकडे घर आहे, झाडं आहेत.'

त्या म्हणाल्या, "बरं."